डाव्या मनगटाचा दोरा

नळदुर्ग, फाल्गुन वद्य ५, शके १८७०

शांतलिंग यास,

अक्काचं अक्षर बघून दचकू नकोस. कुणी मेलेलं नाही. काम आहे म्हणून लिहिते.

जगीनं सोलापुरात मॅट्रिकची परीक्षा दिली. माझी लेक आहे, पास होणारच. आता म्हणते पुण्याला कॉमर्स कॉलेजात जाणार. मी म्हटलं, मास्तरीण हो, नाहीतर शिवणकाम शीक. तर वर तोंड करून म्हणते, "मामानं केलं ते मी का न्हाय करायचं?" त्या 'का न्हाय'ला माझ्याकडं उत्तर असतं तर तुला पत्र लिहिलं असतं का?

कॉलेज जूनमध्ये उघडतं. तिथं सगळं इंग्रजीतून, हे तूच मागं सांगितलेलं. हिचं इंग्रजी म्हणजे चार कविता पाठ, त्या पण गाऊन म्हणते. हिशोबाचं इंग्रजी पुस्तक हिनं डोळ्यांनी पाहिलेलं नाही. जायच्या आधी तयारी पाहिजे. तुझी करून घेतली होती तशी. कोण करून घेणार? मी दुसरी शिकलेली. मोडीत वही लिहिते, बाळबोधीत पत्र लिहिते, त्यापुढं माझं घोडं अडतं. म्हणून तू. उन्हाळ्यात इथं ये, नाहीतर तिला तिकडं बोलव. व्हय की न्हाय एवढंच कळव. ख्यालीखुशाली लिहीत बसू नकोस.

तुला त्रेचाळीसचा उन्हाळा आठवतो का? बँकेत बसून काय आठवणार म्हणा. मला आठवतो. उस्मानाबादच्या शाळेतून तू उर्दूत पास होऊन आलेलास. गुणाकाराला ज़र्ब आणि भागाकाराला तक़सीम म्हणायचास, आणि इंग्रजी पुस्तक हातात दिलं की मागून उघडायचास. मुन्शीजी टाळक्यात टपली मारून म्हणायचे, "बरखुरदार, अंग्रेज की किताब है. दरवाज़ा उधर है."

करोडगिरीच्या जकात नाक्यावर जन्मभर कारकुनी केलेला माणूस, इंग्रजी आणि हिशोब दोन्ही पक्कं. दुकान उघडायच्या आधी यायचे आणि तुरीच्या पोत्यावर बसायचे. गुळाच्या ढेपा बांधायला आपल्याकडं सोलापुरातून रद्दी यायची, त्यातले इंग्रजी कागद ते निवडून ठेवायचे. मुंबईचा कापसाचा भाव, चांदीचा भाव, आगबोटी कधी सुटल्या, सगळं तुझ्याकडून मोठ्यानं वाचून घ्यायचे. गिऱ्हाईक आलं की मी तुझ्या हातातला कागद ओढून त्यात गूळ बांधायचे. एकदा तू गिऱ्हाइकाच्या मागं पळालास, "काका, थांबा, माझं अर्धं वाक्य ऱ्हायलंय!"

आणि जगी ज्वारीच्या पोत्यावर बसून तुझ्याबरोबर ओठ हलवायची. पोरीचं वय ते काय. मला वाटायचं खेळतेय.

बाकी बरं आहे. आपला गडी कोंडीराम अजून दुकानात आहे. वह्या शिवायच्या दोऱ्याचं रीळ अजून सापडलेलं नाही.

अक्का


नळदुर्ग, चैत्र शुद्ध ११, शके १८७१

शांतलिंग,

पत्र पोचलं. टाईप केलेलं! तुझा हात मोडला काय? आधी लग्नाची छापील पत्रिका, आता टाईप केलेलं पत्र. पुढच्या वेळी दवंडी पिटणाऱ्यालाच पाठव, म्हणजे कागद तरी वाचेल.

तू लिहितोस, कॉमर्स अवघड आहे. मुली आर्ट्सला जातात. वर्गात दोन-तीनच मुली असतात, त्या मागं बसतात आणि पोरं चेष्टा करतात. सोलापुरातच पुढं शिकव, बरं पडेल. शिकव म्हणे! असं लिहितोस जशी काही ती शेजाऱ्याची पोर. चेष्टेचं मला सांगू नकोस. तू पुण्याला गेलास तेव्हा तुझ्या उर्दूवर आणि तुझ्या टोपीवर पोरं हसली, तसं तूच लिहिलं होतंस, हातानं. तेव्हा मी काय उत्तर दिलं? हसू दे म्हटलं. हसणारा जरा वेळानं दमतो. तू परत आलास का? नाही ना?

तुझ्या पत्राखाली शाईनं दोन ओळी आहेत. "वन्संना नमस्कार. जगदेवीने जरूर यावे." कुणी लिहिल्या ते मी विचारत नाही. अक्षर टपोरं आहे.

आता पत्रिकेचं निघालंच आहे तर ऐक. गेल्या वैशाखात आम्ही सोलापुरात होतो. रझाकारांच्या भीतीनं गाव सोडलेलं, एका खोलीत तीन घरं, चूल बाहेर. पुणं तिथून एका गाडीवर. तू येशील म्हणून मी जगीला स्टेशनच्या रस्त्यावर उभी करायचे. आली काय, तर पत्रिका. 'सहकुटुंब सहपरिवार'. अरे, तुझं कुटुंब म्हणजे मीच की! आई गेली तेव्हा तू रांगत होतास. मला नवरा गेल्यावर मी जगीला घेऊन माहेरी आले ती काय विश्रांतीला? एका मांडीवर ती, एका मांडीवर तू, आणि समोर अप्पांची दुकानाची वही.

जाऊ दे. तयारीचं बोलू.

जगीला मी परवा गादीवर बसवलं आणि म्हटलं, आधी आपली वही तरी समजून घे. ती शिकली पटकन. आलं ते जमा, डावीकडं; गेलं ते नावे, उजवीकडं. मग माझ्या ध्यानात आलं, हे तर तुझ्याच दुखण्याचं मूळ! इंग्रजाच्या वहीत सगळं उलटं. तिथं नावे डावीकडं आणि जमा उजवीकडं. तू दुकानात वाढलेला, जमा म्हटलं की तुझा हात आपोआप डावीकडं जायचा. मुन्शीजी कपाळाला हात लावायचे. "रुद्रम्माबी, आपका भाई अंग्रेज़ी में भी मराठी लिखता है."

मग मी काय केलं होतं, आठव. वह्या शिवायचा दोरा घेतला. अप्पांनी सोलापूरच्या विणकराकडून मुद्दाम पिळून घेतलेला, दोन पदर लाल आणि एक पांढरा, कुणी वहीतलं पान काढून परत शिवलं तर दुसरा दोरा लगेच दिसावा म्हणून. आणखी कुणाकडं तसला पीळ नव्हता. तो दातानं तोडून तुझ्या डाव्या मनगटाला बांधला. म्हटलं, दोरा दिसला की नावे लिही, डोकं चालवू नकोस. त्यानंतर तुझं चुकलं नाही. मुन्शीजी म्हणाले, आता हा कॉलेजात जाईल.

तू गेलास त्याच आठवड्यात ते रीळ दुकानातनं नाहीसं झालं. कोंडीरामला मी अजून बोलते. तो म्हणतो, "अक्का, म्या रीळ घिऊन काय करू? कोट शिवू का?" कोट नाही शिवला, पण बाजारात बैलाच्या झुलीला विकलं असेल. विणकर तर लढाईच्या दिवसांत गाव सोडून गेला. आता आपल्या वह्या साध्या दोऱ्यानं शिवते. दिसायला भिकार दिसतात.

जगीला दोन महिने आहेत. तू शिकवणार नसशील तर तसं लिही, पण हातानं लिही.

अक्का


नळदुर्ग, वैशाख शुद्ध ८, शके १८७१

शांतलिंग,

पुस्तक पोचलं. हिशोबाचं इंग्रजी पुस्तक, आणि त्याच्याबरोबर चिठ्ठी, की रोज एक पान सोडवून टपालानं पाठवावं, तपासून परत मिळेल. चिठ्ठी तुझी नाही. मी पुस्तक पाठवणाऱ्याला पत्र लिहीत नाही, तुलाच लिहिते. पुस्तकात पेन्सिलीनं समास भरलेत. अवघड शब्दापुढं मराठी अर्थ, कुठं कुठं चित्र. तोट्यापुढं फाटकी पिशवी काढलीय. ते चित्र बघून मला हसू आलं. हे लिहायचं नव्हतं.

जगी सकाळी पान सोडवते, मी टपालात टाकते. परत येतं तेव्हा लाल शाईनं भरलेलं. चूक तीच! जमा डावीकडं. मी साधा पांढरा दोरा बांधला तिच्या हाताला, तो दोन धुण्यांत मळून कातडीच्या रंगाचा झाला, दिसेचना. परवा एका पानावर लाल शाईच्या खाली निळ्या शाईत दोन शब्द आले, "नावे डावीकडे!" पुढं उद्गारचिन्ह टोचलंय. ते अक्षर मी ओळखलं. म्हणजे हात मोडलेला नाही.

पान घेऊन जगी दिवसभर फिरली. कोंडीरामला दाखवलं. तो म्हणाला, "मामाचं अक्षर लई किडकं झालंय की गं, बँकेत खाऊ घालत न्हाईत काय?"

मुन्शीजींचं तू विचारलंयस, असं त्या चिठ्ठीत आहे. मला सरळ विचारायला काय झालं होतं? मी मागच्या दोन पत्रांत गाळलं, मुद्दाम गाळलं. भादव्यात हिंदच्या फौजा आल्या, आम्ही सोलापूरहून परतलो, सगळे आनंदात होते. मीही होते. पण काही लोकांना आनंद कुणाच्या तरी दारावर काढायचा होता. मुन्शीजींच्या दारात ते लोक आले, त्याच्या आदल्या दिवशी कोंडीरामनं गाडी जुंपली. उमरग्यापर्यंत नेलं त्यांना. गाडीत कडबा जरा जास्त भरला होता, एवढंच लिहिते. तिथून ते हैदराबादला लेकीकडं गेले. निघताना चष्मा घरात राहिला म्हणून हळहळत होते. मी म्हटलं, मुन्शीजी, जीव घेऊन जा, चष्मा मी पाठवते. म्हणाले, "शांतलिंग से कहना, किताब सीधी पकडे."

घराला कुलूप आहे. चष्मा मी पोचता केला. सकाळी तुरीच्या पोत्यावर अजून कुणी बसत नाही, गिऱ्हाईक सुद्धा. का ते कुणाला माहीत नाही.

आता सरळ सांग. तिची तयारी टपालानं होतेय, ठीक. पण जूनमध्ये ती राहणार कुठं? वसतिगृहात मी ठेवणार नाही. तुझ्या घरात जागा आहे का नाही? जागा म्हणजे फूट-इंचातली विचारत नाही मी.

अक्का


नळदुर्ग, ज्येष्ठ शुद्ध १२, शके १८७१

अयोध्याबाईस,

हे पत्र तुलाच. नवऱ्याला वाचू दिलंस तरी चालेल, पण उत्तर तू दे. त्याला विचारलं की तो टाईप करतो नाहीतर गप्प बसतो.

जगी पास झाली. तुझी लाल शाई कामाला आली असं ती म्हणते, पण मॅट्रिक आधीच दिलेली होती, तेव्हा तुला खूष करायला म्हणत असेल. हिशोब मात्र तुझ्यामुळं समजतोय हे खरं. मला तोंडावर गोड बोलता येत नाही, म्हणून पत्रात लिहून टाकते.

तू बार्शीकडची, शेतकऱ्याच्या घरातली, हे जगीनं चिठ्ठ्यांतून काढून घेतलं. तू आमच्यातली नाहीस हे मला पत्रिका वाचतानाच कळलं होतं. राग आला नाही असं म्हणणार नाही. आला. पण त्यानं येऊन तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, एक दिवस जेवले नसते, आणि मग दोघांना वाढलं असतं. मला भांडूच दिलं नाही. एवढंच आहे बघ.

आता विचारते ते नीट ऐक. जगीला तू घरात ठेवायला बोलावतेस, की नुसत्या वह्या तपासायला? "जरूर यावे" असं लोक लग्नात सगळ्यांनाच म्हणतात. ठेवणार असशील तर ऐक. ती गळ्यात लिंग घालते, आंघोळ करून पूजा झाल्याशिवाय तोंडात काही घालत नाही. तुमच्या चुलीवर काय शिजतं ते मी विचारणार नाही, तिच्या ताटात काय पडतं तेवढं बघ. सकाळी लवकर उठते, उठल्यावर बडबडते. भाकरी चांगली करते, भात कच्चा ठेवते. राग आला की वही फाडते, माझ्यावर गेलीय. कॉलेजात पोरं हसली तर घरी येऊन सांगेलच असं नाही. तू तिला विचार. तू पण त्याच कॉलेजात मागच्या बाकावर बसलीयस म्हणतात.

तिच्या मामाला सांग, न्यायला स्वतः ये. मी तिला मोटारीत बसवून मालासारखी पाठवणार नाही. तो आला नाही तर ती जाणार नाही. दोन महिन्यांची तयारी वाया गेली तरी चालेल. हे मी रागानं लिहीत नाही. त्याच्या मनात नसताना ती त्या घरात गेली, तर कॉलेज शिकेल, पण माणूस म्हणून वाळून जाईल. मला ते बघायचं नाही.

रुद्रम्मा


नळदुर्ग, ज्येष्ठ वद्य १३, शके १८७१

शांतलिंग यास,

तुम्ही दोघं पोचलात, जगीचं कार्ड आलं. मी लिहायला बसले, कारण तू आलास तेव्हा मी काही बोलले नाही आणि तू पण नाही. भाकरी जास्त झाल्या, आमटी तिखट झाली, मोटार किती वाजता, एवढंच. सहा वर्षांचं बोलणं तिखट-मिठावर गेलं.

तू दुकानात शिरलास आणि सरळ तुरीच्या पोत्याकडं गेलास. बसला नाहीस. पोत्यावर हात ठेवून उभा राहिलास. कोंडीराम म्हणाला, "मालक, बसा की." तू म्हणालास, "ती जागा माजी न्हाय." पुण्यात सहा वर्षं काढून बोलणं अजून इथलंच आहे, हे ऐकून मला किती बरं वाटलं ते तुला सांगण्यात अर्थ नाही.

मग मोटार स्टँडवर. कोंडीराम दुकानावर राहिला होता. मोटारीला वेळ होता. तू जगीच्या ट्रंकेवर बसलास आणि तिची परीक्षा घ्यायला लागलास. "लिही, मालकानं दुकानात भांडवल घातलं." आणि माझ्या पोरीनं, दोन महिने पानं सोडवून, लाल शाई, निळी शाई, पांढरा दोरा सगळं होऊन, भांडवल परत डावीकडंच जमा केलं! मला वाटलं आता हा म्हणतोय, बघ अक्का, मी सांगत होतो. मी तुला खायला उठणार होते.

तू कोटाच्या खिशात हात घातलास आणि रीळ काढलंस.

लाकूड दिसायला लागलंय त्याचं. शेवटचे चार वेढे राहिलेत. दोन लाल, एक पांढरा. तू दातानं तोडलास, मी तोडायचे तसा, मान वाकडी करून. तिच्या डाव्या मनगटाला बांधलास आणि म्हणालास, "दोरा दिसला की नावे. डोकं चालवू नकोस." बांधताना तुझी बाही वर सरकली. तुझ्या मनगटाला पण तोच पीळ होता. नवा नव्हता, माझ्यासाठी बांधलेला नव्हता. शाईनं काळा पडलेला, गाठीला विटलेला. मी बघतेय हे बघून तू बाही खाली ओढलीस आणि कुणी न विचारता म्हणालास, "जूनअखेरचा ताळेबंद चाललाय बँकेत."

अरे, बी.कॉम. झालास, साहेब झालास, आणि ताळेबंदाला अजून दोरा लागतो? मला हे विचारायचं होतं. मोटार आली. जगीनं पाया पडताना दोऱ्याचा हात पुढं केला नाही, मागं लपवला, मळेल म्हणून. मोटार इटकळच्या वाटेला लागली तरी ती तो हात खिडकीबाहेर धरून होती.

अयोध्येला सांग, ताटातलं जगीनं कार्डात लिहिलंय, मला पोचलं. तोट्याची फाटकी पिशवी काढता येते तर नफ्याचं चित्र कुठाय म्हणावं. आणि दिवाळीला तिघं या. छापील काही पाठवणार नाही. हेच बोलावणं. आलात की आधी मी भांडणार आहे, ते माझं राहिलंय, मग जेवायला वाढीन.

दुकानात परत आले तेव्हा कोंडीराम वही शिवत बसला होता, साध्या दोऱ्यानं. मी म्हटलं, कोंडीराम, रीळ सापडलं. म्हणाला, "कुठं हुतं?" म्हटलं, पुण्याला. त्यानं सुई वहीत टोचून ठेवली. मग म्हणाला, "मंग सहा वरीस मला शिव्या घातल्या त्या कुणाच्या खाती नावे टाकायच्या, अक्का?" मी म्हटलं, ज्यानं नेलं त्याच्या. तेव्हापासून रोज दुकान उघडताना विचारतो, "अक्का, परत कवा यायचंय?"

रिळाचं विचारतो की तुझं, ते मी त्याला विचारलेलं नाही.

तुझी अक्का